आकार तोच, तारीख तीच

सकाळी ऑफिसला पोचल्यावर चहाच्याही आधी मी जी मेल उघडते ती कुणा माणसाने पाठवलेली नसते. आमच्या सर्व्हरांवर रात्री एक प्रोग्राम फिरतो, 'एड' नावाचा. तो सिस्टिमच्या फाइली एकेक करून वाचतो, प्रत्येकीचा ठसा (इंग्रजीत 'हॅश', म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून हिशोबाने निघणारी आकडे-अक्षरांची माळ) काढतो, आधी जपून ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहतो आणि पहाटे अहवाल धाडतो. बहुतेक दिवशी त्यात वाचण्यासारखं काही नसतं. पावसाळ्यातल्या एका सोमवारी मात्र एक ओळ होती. चाचणीच्या कामाला ठेवलेल्या एका जुन्या मशीनवर 'टार' ही फाइल बदललेली होती. टार म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. ढीगभर फाइली एकत्र बांधून देणारी, मुकाट्याने राबणारी जुनी आज्ञा. अपडेटमध्ये बदलली असेल, असं म्हणून मी पुढे सरकणार, तोच बाकीचे रकाने दिसले. आकार तोच. तारीख तीच. मालक तोच, परवानग्या त्याच. फक्त शा-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा वेगळा.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना इथे पोटात गोळा का येतो ते सांगायला नको. अपडेटने फाइल बदलली की तारीख बदलते, आकारही बहुधा बदलतो, सगळा मामला उघड असतो. चोरून बदलणारा मात्र तारीख मागे नेऊन ठेवतो आणि जमलं तर आकारही बाइटला बाइट जुळवून आणतो. सगळे साक्षीदार 'काही झालेलं नाही' म्हणतायत आणि एकटा ठसा 'झालंय' म्हणतोय, अशी ती ओळ होती.

मी हाताने पुन्हा ठसा काढला. वेगळाच. शेजारच्या, त्याच आवृत्तीच्या मशीनवर काढला, तर तिथे जुना, बरोबर ठसा. टीममधला पोरगा एव्हाना खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला होता. "मॅडम, रीबूट मारू का?" हा आमच्या धंद्यातला परंपरागत रामबाण. म्हटलं, थांब, आधी आहे तशी फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवू. मग नेटवर्कची केबल काढली, पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या लिनक्सने मशीन सुरू केलं आणि डिस्कवरची टार बाहेरून तपासली. ठसा जुळला. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. डिस्कवरची फाइल जशी असायला हवी तशीच होती, तिला कुणी बोट लावलेलं नव्हतं. काढून ठेवलेली प्रत मात्र अजूनही वेगळीच. दोघींची बाइटगणिक तुलना करायला लावली, तर स्क्रीनवर एकच ओळ उमटली: बाइटचा क्रमांक, मग १४१, मग १४३. ही आज्ञा आकडे अष्टमान पद्धतीत दाखवते. सरळ सांगायचं तर एकीकडे इंग्रजी 'ए', दुसरीकडे 'सी'. दोहोंत फरक एका बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकाचा. आणि ते अक्षर निघालं टारच्या मदतीच्या मजकुरात, म्हणजे कुणी 'हेल्प' मागितली तर पडद्यावर जी लांबलचक माहिती धावते तिच्यातल्या एका शब्दात.

रात्रीच्या बॅकअपला टार रोज लागते. त्यामुळे तिची प्रत मेमरीत तशीच पडून राहते, आणि पुन्हा वाचायची वेळ आली की सिस्टिम डिस्कपर्यंत जायचे कष्ट घेत नाही, मेमरीतलीच काढून देते. त्या मेमरीच्या एका पट्टीतलं एक घर नासलं होतं. चुका आपोआप दुरुस्त करणारी महागडी मेमरी त्या मशीनला नव्हती. रात्रभर मेमटेस्ट ही मेमरीची चाचणी लावून ठेवली आणि सकाळी पाहिलं तर निळ्या पडद्यावर लाल ओळींची रांग. पट्टी बदलली, तिकीट बंद झालं. साहेबांनी जाता जाता विचारलं, "म्हणजे तसं काही नव्हतंच ना?"

नव्हतं कसं?

तो प्रश्न मला बरेच दिवस पुरला. कुणी घुसलेलं नव्हतं, हे खरंच. पण अहवालही खोटा नव्हता. डिस्कवर एक टार होती, मेमरीत दुसरी, आणि मशीन किती तरी वेळ दुसरीच चालवत होतं. पोरगा म्हणाला तसं आधी रीबूट केलं असतं तर मेमरी पुसली गेली असती, ठसा जुळला असता आणि 'एडला काहीतरी झालं असेल' म्हणून आम्ही कामाला लागलो असतो. ते बिट मदतीच्या मजकुराऐवजी टारच्या हिशोबाच्या भागात उलटलं असतं तर? त्या रात्रीचे बॅकअप नंतर एकेक उघडून पाहिले, ठीक होते. उघडून पाहणं हे मात्र कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

या ठशांचं मला अजूनही नवल वाटतं, इतकी वर्षं वापरूनही. टारमधलं एक बिट उलटलं म्हणून ठशातलं एखादं अक्षर बदलत नाही. निम्म्याच्या आसपास बिटं उलटतात. जुना आणि नवा ठसा एकाखाली एक ठेवले तर नात्यातलेही वाटत नाहीत. फाइल केवढीही असो, एका ओळीचं पत्र असो की दिवसभराचं चित्रीकरण, शा-२५६ चा ठसा २५६ बिटांचा, म्हणजे शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं यांची चौसष्ट जागांची माळ. अशा किती माळा होऊ शकतात ती संख्या ७८ आकडी आहे. फाइलीवरून ठसा क्षणात निघतो, पण ठशावरून फाइल काढायला कुणाच्या बापाला जमलेलं नाही. रिकाम्या फाइलीलाही ठसा असतो, ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा. तो आम्हा लोकांना पाठ असतो, पाठ करायला बसलेलं कुणी नसलं तरी. लांबलचक यादीत तीन-चार फाइलींपुढे ई३बी०सी४४२ दिसला की न उघडताच कळतं, कॉपी करताना काहीतरी फसलंय आणि नुसती नावं उतरली आहेत, आत काही नाही.

आणि तरीही हा चोख ठसा शेवटी माणूस वाचतो, आणि माणूस पहिली चार अक्षरं आणि शेवटची चार अक्षरं वाचतो. मीही. सर्व्हरांच्या खोलीत उभं राहून फोनवर ठसा जुळवायचा प्रसंग आला तर बघा. महापेच्या डेटा सेंटरमध्ये पंख्यांचा एवढा आवाज असतो की बाहेर आल्यावर कान काही वेळ भरलेलेच राहतात. गार हवेच्या बाजूला दात वाजतात, दोन पावलांवर रॅकच्या मागे गेलं की भट्टी. तिथून ओरडून सांगायचं, "बी, बी! बदकातला बी!" आणि पलीकडून उत्तर येतं, "डी?" बी, सी, डी आणि ई या चौघांनी मिळून केलेला हा छळ आहे. अशा वेळी मधली छप्पन्न अक्षरं राम भरोसे सुटतात. लबाडी करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. दोन्ही टोकं जुळतील अशी बनावट काढणं पूर्ण ठसा जुळवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

ही कल्पना ज्यांनी पहिल्यांदा नीट उभी केली त्यांना माणसाची ही बाजू कळलेली होती. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटची झोप उडवली. त्याची चिरफाड करून लिहिणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक यूजीन स्पॅफर्ड. १९९२ मध्ये जीन किम हा त्यांचा विद्यार्थी आणि ते, दोघांनी मिळून 'ट्रिपवायर' बाहेर आणलं. काम तेच: फाइलींचे ठसे एकदा काढून ठेवायचे आणि नंतर ताडत राहायचं. आम्ही वापरतो ते एड म्हणजे त्याच घराण्यातलं, पुढे मोफत पर्याय म्हणून आलेलं. ट्रिपवायर करणाऱ्यांनी आग्रहाने सांगितलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: ठशांची यादी अशा जागी ठेवा जिथे त्या मशीनला लिहिताच येणार नाही. मी शिकत होते तेव्हा त्यासाठी फ्लॉपी असायची. तिच्या कोपऱ्यात एक चिमुकली प्लास्टिकची खिटी, नखाने सरकवली की 'टक्' व्हायचं, आरपार भोक दिसायचं आणि मग त्या फ्लॉपीवर कुणाच्याही हुकुमाने एक अक्षर उमटत नसे. तो 'टक्' मला आवडायचा. आता यादी दुसऱ्या सर्व्हरवर असते, त्याच्यावर वेगळा पासवर्ड, त्या पासवर्डावर वेगळा माणूस. कागदावर उत्तम आहे. खिटीचा भरवसा मात्र त्यात नाही.

कारण यादी बदलता आली की फाइल लपवायची गरजच उरत नाही. घुसणारा फाइल बदलतो आणि यादीत नवा ठसा घालून मोकळा होतो. त्याहून पोचलेला असेल तर यादीलाही हात लावत नाही. ठसा काढणारा प्रोग्रामच बदलतो, किंवा थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, शिरून बसतो. मग तपासायला आलेल्याला मूळ फाइल दाखवायची आणि चालवायला आलेल्याला दुसरी. त्या सोमवारी मशीन बाहेरच्या लिनक्सने सुरू करण्यामागे हीच भीती होती. योगायोग असा की नासक्या मेमरीने नेमकी तीच जादू करून दाखवली होती, कुणाचा काही डाव नसताना. हल्ली आपल्या खिशातला फोन यावरचा एक तोडगा सतत वापरत असतो. अँड्रॉइडची मूळ सिस्टिम ४ किलोबाइटच्या तुकड्यांत ठसे काढून ठेवलेली असते, त्या ठशांचे पुन्हा ठसे, त्यांचे पुन्हा, असं वर वर चढत जाऊन शेवटी एकच ठसा उरतो आणि त्याच्यावर कंपनीची डिजिटल सही. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेलं हे झाड २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून अँड्रॉइडात आलं. फोन प्रत्येक तुकडा वाचताना वरपर्यंत ताडत जातो आणि जुळलं नाही तर तो तुकडा वापरायला नकार देतो. पहाटेची मेल नाही, वाचणारी बाई नाही. धंद्याच्या दृष्टीने मला हे पटतं. मनातून थोडं खट्टू व्हायला होतं, ते सोडा.

यावरून आईचा अंगठा आठवतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पेन्शन चालू ठेवायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो आता यंत्रावर बोट टेकवून देता येतो. आईचं बोट यंत्राला पटत नाही. जन्मभराचा खडू, राखेने घासलेली भांडी आणि वय, यांनी रेषा पार गुळगुळीत करून टाकल्यात. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. "आजी, जरा पुसून घ्या", "आजी, दुसरं बोट बघू", "आजी, थोडं दाबून." आईने ओढणीवजा रुमालाला बोटं पुसली, दाबली, फुंकर घातली, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "अरे बाळा, मी समोर बसलेय की नाही?" रांगेतले सगळे हसले. तो हसला नाही, त्याने डोळ्यांचं यंत्र काढलं. मला तेव्हा जाणवलं ते हे की माणसाच्या ठशात यंत्र 'बऱ्यापैकी जुळतंय' यावर समाधान मानतं. बोट तिरकं टेकलं, ओलं होतं, कापलेलं होतं, तरी काही खुणा पुरेशा जुळल्या की पास. फाइलीच्या ठशात असं उन्नीस-बीस चालत नाही. तिथे एका बिटाने माणूस परका होतो. आई तर सत्तरी ओलांडून पार बदललेली आणि तरी तीच; टार एका अक्षराने बदललेली आणि म्हणून ती नव्हेच. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो खरा, पण आईला शा-२५६ लावला असता तर तिची पेन्शन पहिल्याच वर्षी बंद पडली असती.

माणसांचे ठसे घेण्याचा सरकारी इतिहासही आपल्याच देशातला. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराचा अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे हात नाकबूल करता येऊ नये म्हणून. पंजा कागदावर उमटला तरी कागदावरचा मजकूर नंतर कुणी बदलला तर ते त्या पंजाला कळणार नव्हतं, हे आलंच. आपल्याकडच्या खरेदीखतांवर 'निशाणी डावा अंगठा' असलेली कितीतरी कुटुंबं ही गोष्ट पुरती भोगून बसली आहेत.

मजकुराचा ठसा आहे, पण तो ठेवला कुठे, ही अडचण मात्र नव्या काळातही सुटलेली नव्हती. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी शिरलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाउनलोडची लिंक बदलून ठेवली. लोक नेहमीच्या पानावर नेहमीचं बटण दाबत होते आणि बल्गेरियातल्या एका सर्व्हरवरून मागचं दार ठेवलेली सिस्टिम उतरवून घेत होते. प्रमुख क्लेमां लफेव्र यांनी ते उघड सांगितलं, खरे ठसे प्रसिद्ध केले, 'ताडून पाहा' म्हणाले. सगळं रीतसर. फक्त हल्लेखोराने नंतर एका पत्रकाराला सांगितलं की पानावरचा ठसाही आपण बदलला होता, आणि वर, ते आकडे तपासतं कोण, असंही सुनावलं. मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि राग याचा जास्त की माणूस खोटं बोलत नव्हता. फाइल आणि तिचा ठसा एकाच पानावर लटकवणं म्हणजे ज्याने फाइल बदलली त्यालाच ठसा बदलायची सोय करून देणं. म्हणून ठशावर सही लागते आणि सहीची किल्ली वेगळीकडे लागते. आणि तरी ती सही तपासण्याची आज्ञा न बघता मनातून लिहू शकेल असा माणूस आमच्या मजल्यावर शोधावाच लागेल.

मूळ यादीच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर आपल्याला चारशे वर्षांपूर्वी पैठणात मिळतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर सुमारे तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात होती, तोंडांनी म्हटली जात होती, आणि दर खेपेला कुठे शब्द घसरत होता, कुठे कुणी हौशी आपली ओवी सारून देत होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध करायला घेतली तेव्हा त्यांच्यापाशी ताडायला मूळ ठसा नव्हता; समोर नुसत्या प्रती, एकमेकींशी न जुळणाऱ्या. पाठांतराने अशुद्ध झालेला ग्रंथ शोधून नीट केला, असं ते शेवटी सांगतात, आणि यापुढे जो यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, असा दमही भरतात. मला तो दम फार लोभस वाटतो. खिटी नाही, सही नाही, म्हणून निदान लाज तरी वाटावी अशी तजवीज. पण त्यांनी केलेलं काम आमच्या यंत्रांना करताच येत नाही. ठसे फक्त 'वेगळं आहे' एवढं सांगतात. यातलं बरोबर कुठलं, हे ओव्या कळणाऱ्यालाच सांगता येतं.

हल्ली हा विषय कोर्टातही पोचलाय. ठाण्याला वकिली करणाऱ्या मैत्रिणीचा फोन येतो, "अगं, त्या फॉर्मात हॅश काय टाकायचा?" १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा ठसा लिहावा लागतो, एक भाग पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने. शा-१, शा-२५६, एमडी-५ अशा ठसे काढायच्या पद्धतींपुढे चौकोन. एमडी-५ तिथे बघून मी कपाळाला हात लावला. एकच एमडी-५ ठसा येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्येच शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी करून दाखवल्या. शा-१ चं तेच २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी आणि गुगलने दोन पीडीएफ घेऊन केलं. दुसऱ्याच्या फाइलीच्या ठशाला जुळणारी बनावट अजून कुणाला जमलेली नाही, हे खरं; पण दोन्ही फाइली स्वतःच बनवणारा जोडी तयार करू शकतो, आणि कोर्टात पुरावा बहुधा ज्याचा त्यानेच आणलेला असतो. मैत्रिणीला एवढंच सांगितलं, तू आपली शा-२५६ वर खूण कर. तिने पुढे विचारलं, "पण व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप मुळात खरी आहे हे यावरून ठरतं का?" नाही ठरत. मोबाइल जप्त झाल्यापासून ती बदललेली नाही, एवढंच. "मग?" म्हणाली. मग तुम्ही वकील कशाला आहात, म्हटलं.

तिचा तो 'मग?' मला एक्सझेडच्या भानगडीत नीट कळला. एक्सझेड ही टारची सोबतीण. टारने बांधलेलं दाबून लहान करते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते आणि सांभाळणारा एक थकलेला माणूस होता, फुकटात. जिया टॅन असं नाव लावणारं कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं निमूटपणे बरं काम केलं, विश्वास कमावला, हक्क मिळवले. मग २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या पोटात सर्व्हरवर दुरून शिरायचं मागचं दार होतं, आणि ते उघडणारा धागा सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हता, फक्त वाटपासाठी बांधलेल्या फाइलीत होता. त्या फाइलीवर सही होती, खरीखुरी, अधिकृत. ठसा जुळत होता. ज्याने विष घातलं त्यानेच ठसा काढून दिला होता. एडने माझ्या मशीनवर तिला 'जुळलं' असंच म्हटलं असतं, रोज पहाटे, न चुकता.

ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला एक अभियंता, मूळचा डेटाबेसवाला, आपल्या मशीनवर वेगळीच मोजमापं करत होता आणि एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर जायच्या नेहमीच्या वाटेने, आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे कुणी अशी तक्रार आणली असती तर मी नेट स्लो असेल म्हणून वाटेला लावलं असतं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जगापुढे मांडलं. त्याआधी ही आवृत्ती लिनक्सच्या मोठ्या वितरणांच्या मुख्यतः चाचणीच्या शाखांत पोचली होती. काही आठवडे आणखी गेले असते तर ती कुठे कुठे बसली असती याचा विचार आम्ही त्या शनिवार-रविवारी सर्व्हरांच्या आवृत्त्या तपासता तपासता केला. आमच्याकडे जुनीच होती, आळसाने वाचवलं.

परवापासून आमच्या टीममध्ये एक वाद चालू आहे. मासिक अपडेट झाले की एडच्या मेलमध्ये शेकडो ओळी येतात, आणि त्या शेकडो ओळी कोणीही वाचत नाही. नवा ठसा हाच खरा असं म्हणून यादी बदलायची, संपलं. पोराने एक स्क्रिप्ट लिहिली. ज्या फाइली अधिकृत पॅकेजमधून बदलल्या आणि ज्यांचे ठसे पॅकेजच्या नोंदीशी जुळतात त्या ती गाळून टाकते. मेलमध्ये उरतात फक्त बेवारस बदल. स्क्रिप्ट चांगली आहे. मी तिच्यात खोट काढायला बसले आणि फारशी सापडली नाही. टारची ती ओळ तिच्यातून सुटली नसती. एक्सझेड मात्र पहिल्याच फटक्यात गाळली गेली असती, कारण ती बेवारस नव्हतीच. "मॅडम, पण ती तुमच्या लांब मेलमध्ये असती तरी तुम्ही पकडली असती का?" असं त्याने विचारलं. प्रामाणिक उत्तर 'नाही' असं होतं आणि मी तेच दिलं. तरी मी दोन अटी घातल्या. गाळलेलं काय होतं ते दुसऱ्या फाइलीत पडलं पाहिजे, फेकायचं नाही. आणि ज्या दिवशी काहीच बदललेलं नसेल त्या दिवशीही मेल आलीच पाहिजे, 'बदल नाही' एवढी एक ओळ का असेना. मेल न येण्याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही होतो आणि तपासणारा रात्रीच मेलाय असाही. पहिली अट त्याला पटली. दुसरीवर त्याचं म्हणणं असं की रोज तीच एक ओळ येत राहिली तर महिनाभरात तिच्याकडेही कुणी बघणार नाही. त्याचंही चुकीचं नाही. सध्या दोन्ही मेल येतात, त्याची छोटी आणि माझी लांबलचक.